टाकीवर पारवे किती?

आमच्या छापखान्यात कॉम्प्युटरकडे पाठ करून बसणारा एकच माणूस होता, आणि कॉम्प्युटरवरचा मजकूर तपासायचं काम नेमकं त्याच्याचकडे होतं.

धुडकूनाना स्टूल उलटं फिरवत, मॉनिटरकडे पाठ करत, सदऱ्याच्या खिशातून पत्र्याच्या चौकटीचा तळहाताएवढा आरसा काढत आणि तो नाकासमोर धरून, खांद्यावरून मागच्या पडद्यावरचा मजकूर वाचत. ओळ पुढे गेली की आरसा सरके. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, म्हातारा दाढीला बसला आहे. साक्रीकडच्या एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "काय नाना, आत केशकर्तनालय काढलं का?" नाना आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाले, "हो. तुमच्याच पत्रिकेतल्या चुका भादरतोय. मान हलवू नका."

हा वेडेपणा होता, पण बिनबुडाचा नव्हता. नाना चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवत आलेले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. कागदावर छाप पडली की ते सरळ होतं. त्यामुळे नानांच्या लेखी उलटं अक्षर हेच अस्सल आणि सरळ अक्षर म्हणजे त्याची नक्कल. वर्तमानपत्र ते रेंगाळत वाचत. पण खिळ्यांचा जुळवलेला फर्मा समोर ठेवा, पाच फुटांवरून सांगत, "तिसरी ओळ, चौथा शब्द, मात्रा तुटलीय."

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, धुळ्याच्या चौथ्या गल्लीत छापखाना टाकला तेव्हापासून नाना तिथे होते. आबा गेले. आमचे हे शाळेत भूगोल शिकवत. छापखान्यात नकाशे छापता येतात का, एवढंच त्यांचं कुतूहल. म्हणून आबांच्या खुर्चीवर मी बसले. नाना मला पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणत आले, आणि 'सूनबाई' हा शब्द ते अशा सुरात म्हणत की पुढे सूचना येणार हे कळावं. कामाचं बोलताना नानांची मराठी पुस्तकात छापावी अशी. चिडले किंवा मऊ झाले की मात्र अहिराणी. चिडलेले मी रोज पाहत होते. मऊ झालेले पाहायला बरीच वर्षं जावी लागली.

नव्वद साल उलटून गेलं आणि खिळ्यांचे दिवस भरले. मी जळगावला नणंदेकडे महिनाभर राहून कॉम्प्युटर शिकून आले. पाठोपाठ कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी लाकडी आडोसा करून खोली केली, पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम केला. ट्रेडल मशीन चालवणारा आमचा सुपडू म्हणाला, "बाई, देवघरातसुद्धा एवढं नाही करत आम्ही." दसऱ्याला कॉम्प्युटरला हार घातला. नानांनी हात जोडले, पण पडद्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "ह्यानी नजर सरळ नही."

टाइप मी करायचं आणि तपासायचं नानांनी, अशी वाटणी ठरली. लग्नसराईत मी सकाळी नऊला बसे ती दिवेलागणीलाच उठे. मला अर्धवट काम आवडत नाही. पत्रिका सुरू केली की संपवायची, मग दुसरी. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होई, कपाळ ठणके. ते शाईच्या वासाने होतं असं माझं ठाम मत होतं. बाम लावायचा आणि कामाला लागायचं.

सहाएक महिन्यांनी एके दिवशी नानांनी जाहीर केलं की त्यांचे डोळे दुखतात.

"आरशात बघून दुखणारच," मी म्हटलं.

"आरशाने नाही. खोलीत बसून. नजर म्हणजे गाय आहे, सूनबाई. दिवसभर दावणीला बांधलेली गाय दूध देत नाही. तिला चरायला सोडावं लागतं."

"मग सोडा की. गच्ची आहे वर."

"मला एकट्याला तो जिना चढवत नाही. अरुंद आहे. तू चल."

हेच नाना पहाटे दातणासाठी कडुलिंबावर चढत, हे मला ठाऊक होतं. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद घालण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा जिना चढण्यात कमी जातो, म्हणून मी गेले. गच्चीवरून समोर गल्ल्यांची पत्र्याची छपरं, त्यापलीकडे पाण्याची मोठी लोखंडी टाकी आणि तिच्या मागे थेट लळिंगचा डोंगर. नाना कठड्याला टेकून डोंगराकडे बघत राहिले. मीही बघितलं. मला एक निळसर ढीग दिसला. डोंगर लांबून ढिगासारखेच दिसतात.

"टाकीवर पारवा कितला शेतस?" नानांनी सहज विचारलं.

खाली अर्धी पत्रिका पडली होती. "चार," मी म्हटलं आणि जिन्याकडे वळले.

"हं," नाना म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या छापखान्यावर नानांच्या डोळ्यांचं राज्य सुरू झालं. आबांच्या टेबलावर एक पितळी घंटी होती, माणसाला हाक मारायला. ती नानांनी उचलून आपल्या स्टुलाजवळ ठेवली. अर्ध्या तासाने टण्ण. "सूनबाई, नजर चराले सोड!" मग गच्ची, मग डोंगर, मग तो ठरलेला प्रश्न, "टाकीवर पारवा कितला शेतस?" मी मनात येईल तो आकडा सांगे. तीन. पाच. कंटाळा आला असेल तर दोन. नाना दर वेळी "हं" म्हणत आणि माझ्या मागोमाग खाली उतरत.

पुढे पापण्या आल्या. पडद्याकडे बघताना माणूस पापण्या मिटायला विसरतो आणि डोळे सुकतात, असा शोध नानांना कुठून तरी लागला. त्यांची पाठ पडद्याकडे, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना तो धोका नव्हता, पण "विसर पडायला नको" म्हणून ते दर पाच मिनिटांनी मोठ्याने ओरडत, "पापण्या!" आधी मी दचके. मग सवयीने माझ्या पापण्या मिटू लागल्या. काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना हा आदेश आपल्यासाठी आहे असं वाटे. दोंडाईच्याचे एक सावकाश स्वभावाचे गृहस्थ पत्रिकेचा मजकूर सांगताना पूर्ण वेळ डोळ्यांची उघडझाप करत होते. जाताना त्यांनी सुपडूला हळूच विचारलं, "कॉम्प्युटरला लागतं का असं?"

एका सोमवारी आले तर मॉनिटरला हिरवा जिलेटीन कागद लावलेला. गणपतीच्या आराशीतला. "हिरवं डोळ्यांना गार असतं," नाना म्हणाले. त्या आठवड्यात सगळ्या पत्रिका मला केळीच्या पानावर छापल्यासारख्या दिसल्या. शेवटी मी तो फाडून काढला, तर दुसऱ्या दिवशी गुलाबपाण्याची बाटली आणि कापसाचे बोळे आले. जेवणानंतर दहा मिनिटं डोळ्यांवर ओले बोळे ठेवून पडायचं, असा नवा कायदा निघाला. नाना स्वतः एका बाकावर पडत. आणि मी जागची हलले नाही तर घंटी वाजवत राहत. एकदा एक पोस्टमन आत आला. त्याला डोळ्यांवर कापूस ठेवून आडवे झालेले दोघे जण दिसले. तो पत्र उंबऱ्यावर ठेवून, आवाज न करता निघून गेला.

"नाना, तुमच्या डोळ्यांपायी माझं काम अडतं," मी एकदा स्पष्टच सांगितलं. "एवढंच असेल तर चष्मा घ्या."

"घेऊ का?" नाना म्हणाले. "तू घेशील माझ्या जागी असतीस तर?"

"मला कशाला लागतोय? जामनेरला माझी आई सत्तरीची आहे, अजून सुईत दोरा ओवते. आमच्या माहेरी कुणाला चष्मा नाही."

"हं," नाना म्हणाले.

एक गोष्ट सांगायची म्हणजे, आमच्याकडे लग्नपत्रिका कुणी आमंत्रण म्हणून वाचत नाही. लग्न कधी आणि कुठे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. पत्रिका उघडतात ती आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते बघायला. त्यातही मामांची ओळ ही सर्वांत नाजूक. काका एकवेळ समजून घेतात. मामा घेत नाहीत.

आत्माराम अप्पा म्हणून शिंदखेड्याकडचे एक शेतकरी, त्यांच्या मुलाचं लग्न होतं. नाना दोन दिवस भाचीकडे अमळनेरला गेले होते. जाताना बजावून गेले, "अप्पांची पत्रिका मी आल्याशिवाय मशीनवर चढवू नकोस." आता दोन दिवस काम कशाला तुंबवायचं? कॉम्प्युटरची एक सोय असते. खिळ्यांची पत्रिका छापून झाली की सगळे खिळे सुटे करून परत खणांत टाकावे लागत. इथे मागच्या लग्नाची पत्रिका तशीच साठवलेली असते, तिच्यावरच नवी नावं घालायची. मी तसं केलं. डोळे चुरचुरत होते. सगळी नावं बदलली. एकदा वाचून पाहिलं आणि सुपडूच्या हातात दिलं.

सगळी बदलली असं मला वाटलं.

आठ दिवसांनी आत्माराम अप्पा पायरी न चढताच बोलायला लागले. "बाई, हाई काय करी टाकं तुम्ही? मना साला रुसी बठना! धरणगावले दार लाई बठना! अन् मामासनी ओळमा हाऊ एरंडोलना वसंत कोन शे?"

वसंत हा मागच्या लग्नातला मामा होता. तो जिथल्या तिथे राहिला होता, आणि अप्पांच्या मेहुण्याचं नाव पत्रिकेत कुठेच नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्न पाच दिवसांवर. मामाने निरोप पाठवला होता की पत्रिकेत ज्याचं नाव आहे त्यालाच नवरदेवामागे उभं करा.

मी उठून उभी राहिले. तेवढ्यात आडोशामागून नाना पुढे आले.

"चूक मनी शे, अप्पा," ते म्हणाले. "मी तपासेल व्हती. मना डोया गयात आते."

मी तोंड उघडलं. नानांनी घंटी वाजवली. मी पुन्हा उघडलं. त्यांनी पुन्हा वाजवली. अप्पांचा राग म्हाताऱ्याकडे बघून निम्म्यावर आला. चाळीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस, डोळे गेले म्हणतो, त्याला काय बोलायचं?

अप्पा गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तर इथे नव्हतातही."

"मग? छापखान्याच्या मालकिणीला दिसत नाही असं गावात झालं तर पत्रिका कोण देईल? म्हाताऱ्याला दिसत नाही, यात नवल कुणाला?"

"मालकिणीला दिसतं. मी घाईत होते."

"हं," नाना म्हणाले. "दुरुस्त करून दे. मी धरणगावला जातो."

त्याच दिवशी दुरुस्त पत्रिका छापल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिली प्रत, नारळ आणि टोपी घेऊन नाना एसटीने धरणगावला गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं. मामाच्या घरी ते भिंत चाचपत शिरले. पाण्याचा तांब्या समोर ठेवला तर दोन वेळा हवेत हात फिरवून मग तिसऱ्या वेळी धरला. मामाची बायको विरघळली. मामाला तीन तास आणि चार कप चहा लागला. "एवढा अधू माणूस माझ्यापायी गाडीने आला," म्हणून तो शेवटी टोपी घालून घ्यायला तयार झाला. पंचाईत पुढे झाली. मामा स्वतः स्टँडवर सोडायला आला. धुळ्याची गाडी नानांना शंभर पावलांवरून पाटी वाचून ओळखू आली होती. पण मामा शेजारी उभा. म्हणून नाना मुद्दाम चोपड्याच्या गाडीकडे गेले, मामाने त्यांना दंडाला धरून धुळ्याच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "यांना दिसत नाही, धुळ्याला उतरवा." कंडक्टरने धुळ्याला हात धरून उतरवलं. नाना एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते.

लग्न थाटात झालं. एरंडोलचा वसंतही आला, घरच्या पाच जणांना घेऊन, फेटा बांधून. कापडाच्या दुकानात कुणी तरी आधीची चुकीची पत्रिका पाहिली होती आणि 'तुझं नाव छापलंय' हा निरोप त्याला पोहोचला होता. "नाव छापलंय म्हटल्यावर न येऊन कसं चालेल?" असं त्याचं म्हणणं. नवरदेवामागे दोन मामा उभे राहिले. अप्पा स्वतः जिलबीचा पुडा घेऊन छापखान्यात आले आणि म्हणाले, आता वसंत घरचाच झाला आहे.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण नानांनी आपली चूक इतक्या मन लावून कबूल केली होती की ती धरणगावात सर्वतोमुखी झाली, एसटीत झाली, मांडवात झाली, आणि तिथून सगळ्या गल्ल्यांत झाली. धुडकूनानाला दिसत नाही. गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून मला विचारू लागली, "बाई, तपासायला दुसरं कुणी आहे ना?" एक जण नानांशी मोठमोठ्याने बोलू लागला, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले असावेत. एकाने त्यांना गटार ओलांडताना हात दिला. नानांनी तो घेतला आणि आभारही मानले.

मला वाटलं, म्हातारा मजेत आहे. मग एक दिवस मी पाहिलं. नाना स्टुलावर बसून आरशात वाचत होते. दारातून गिऱ्हाईक आत आलं. नानांनी आरसा खिशात घातला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ते गिऱ्हाईक गेलं, आरसा बाहेर आला. दुसरं आलं, पुन्हा आत. दिवसभर हेच. चाळीस वर्षं ज्या कामाचा ताठा होता, ते काम हा माणूस आता लपवून करत होता. तेही माझ्या चुकीपायी.

मला असल्या गोष्टी ठेवून देता येत नाहीत. मी ठरवलं, नानांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, डोळे उत्तम असल्याचा दाखला घ्यायचा आणि काउंटरच्या वर चौकटीत लावायचा. बोलणाऱ्यांची तोंडं बंद.

नानांनी बरीच टाळाटाळ केली. त्या डॉक्टरला सर्दी असते. तो बसत नाही त्या वारी. त्याचा जिना अरुंद आहे. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना आत बसवलं.

डॉक्टर वयस्कर होते. आम्हाला दारात बघताच म्हणाले, "या नाना! आणलं का शेवटी पेशंटला?"

"पेशंट हे आहेत," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नाना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता फार लक्षपूर्वक बघत होते.

"हे?" डॉक्टर म्हणाले. "नाना, शेवटची ओळ वाचा बरं."

नानांनी खुर्चीत बसल्या बसल्या शेवटची ओळ वाचली. "खाली बारीक टाइपात छापणाऱ्याचं नाव आहे," ते म्हणाले. "तेही वाचू?"

"बाई, यांच्या डोळ्यांना एक मोतीबिंदू काढल्यापासून काहीही झालेलं नाही. गेल्या दीड वर्षात सहा-सात वेळा आले ते दुसऱ्याच कुणासाठी. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईमाणसाच्या डोळ्यांना काय करावं, विचारतात. मी सांगितलं, मध्ये मध्ये लांब बघावं, पापण्या मिटाव्यात, गार बोळे ठेवावेत. तो हिरवा कागद मी सांगितलेला नाही, तो यांचा. मी दर वेळी म्हणतो, तिलाच घेऊन या. म्हणतात, ती यायची नाही. चष्म्याचं नाव काढलं की तिच्या माहेरची सुई निघते."

मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला. तीन ओळी मी झरझर वाचल्या.

"चौथी?"

"चौथी पुसट छापली आहे," मी म्हटलं.

"नाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छपाई चांगली शे," नाना म्हणाले.

लांबचा नंबर निघाला, जवळचाही निघाला. डोळे सुकलेले, ते वेगळंच. डॉक्टरांनी थेंब घातले आणि चिठ्ठी लिहायला आत गेले. बाकावर आम्ही दोघेच.

"सरळ सांगता आलं नसतं का मला?" मी म्हटलं.

नाना बोलले ते अहिराणीत, आणि चिडून नाही.

त्यांची बायको काशीअक्का मी पाहिलेली नव्हती; माझं लग्न व्हायच्या आधीच ती गेली. ती घरी बसून पोत ओवायची, मंगळसूत्राचे काळे बारीक मणी, एका सोनाराकरता. दिवसच्या दिवस. "तिले इचारं का म्हने, काही नही, चुलीना धूर शे," नाना म्हणाले. "मी पाच फुटवरथून तुटेल मात्रा देखू. घरमा माले काहीच दिखनं नही. एक दिन तिनी चहा कपना शेजारी ओता. तव्हय समजनं."

मी शाईच्या वासाचं काही बोलले नाही.

"आणि आरसा?" मी विचारलं. "तो कुठून आणलात?"

"तिनाच शे." नानांनी खिशावर हात ठेवला. "डोया गयात, मंग तिले आरसाना काय उपेग?"

मी पदराने डोळे पुसले. डॉक्टरांनी नुकतेच थेंब घातले होते, त्यामुळे पाणी येणं साहजिक होतं.

दाखला नानांनी घेऊ दिला नाही. "माझ्या डोळ्यांना कागद लागतो?" म्हणून त्यांचा ताठा परत आला. मग मी माझा कागद लावला. माझ्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली, सगळ्यांना वाचता येईल अशी. कुणी विचारलं की सांगायचं, "आत्माराम अप्पांच्या पत्रिकेत एरंडोलचा मामा या डोळ्यांनी घातला. नाना त्या दिवशी गावाला होते. आता चष्मा आहे. मजकूर सांगा." पत्रिका देणारे काही कमी झाले नाहीत. उलट दोघांनी आपलाही नंबर काढून घेतला. आणि चार दिवसांतच कॉम्प्युटरच्या खोलीत, भर गर्दीच्या वेळी, नाना पडद्याकडे पाठ करून बसलेले दिसले. साक्रीचंच एक गिऱ्हाईक होतं. "मान हलवू नका," नाना आरशातून त्याला सांगत होते.

चष्मा आला त्या दिवशी साडेअकराला घंटी वाजली. मी काही न बोलता उठले. गच्चीवर ऊन होतं. नाना नेहमीसारखे कठड्याला टेकले. मी समोर पाहिलं, आणि लळिंगचा निळा ढीग उठून उभा राहिला. त्याला कडे होते. वर तटबंदीची तुटकी रेघ होती. अलीकडे टाकी, टाकीला शिडी, शिडीची एक पायरी नाही, हेसुद्धा दिसत होतं.

"टाकीवर पारवा कितला शेतस?" नानांनी विचारलं.

मी नीट पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"एकबी नही, नाना."

"हं."

"आज उडाले का?"

"लोखंडाची टाकी, सूनबाई. दिवसभर तापते. दीड वर्षात तिथे एक पारवा बसलेला मी पाहिला नाही." नाना जिन्याकडे वळले. "एकदा तर तू बारा सांगितलेस."

ज्यांना एकट्याने जिना चढवत नव्हता ते नाना भराभर पायऱ्या उतरू लागले. मी मागून निघाले. नव्या चष्म्याला वर एक काच आणि खाली एक काच. पायऱ्यांकडे बघितलं की त्या कधी जवळ येत, कधी खाली जात. मी कठड्याला धरलं आणि पाय चाचपत टाकू लागले. हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. नाना पुढे होते, त्यांची माझ्याकडे पाठ होती.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चालता चालता खिशातून आरसा काढला, नाकासमोर धरला आणि खांद्यावरून थोडा खाली झुकवला, माझ्या पायांकडे.

"सावकाश," ते म्हणाले. "तिसरी पायरी फुटेल शे."